चौसष्ट तास

पंधरा नंबरच्या बॅचमधलं दोन मिलिलिटर अजून शिल्लक होतं. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, बोटाच्या पेराएवढ्या बाटलीत. बाटलीवर माझ्या अक्षरात तारीख आणि आकडा. आतला द्रव काळा, खिडकीपाशी धरला की कडेला गंजाचा रंग दाखवणारा.

गंजच होता तो. लोखंडाच्या गंजाचे इतके बारीक कण, की केसाच्या जाडीत काही हजार शेजारी शेजारी बसावेत. प्रत्येक कणावर साखरेच्या जातीच्या एका पदार्थाचं वेष्टण, आणि वेष्टणात अडकवलेलं कर्करोगाचं औषध. हे कण शिरेतून सोडायचे आणि गाठीवर बाहेरून लोहचुंबक धरायचा. रक्ताबरोबर वाहत आलेले कण तिथे थांबतात. मग बाहेरच्या तारेच्या वेटोळ्यातून वीज फिरवून त्यांना किंचित तापवलं की वेष्टण सैल होतं आणि औषध तिथल्या तिथे, आपण ठरवू तेव्हा, ठरवू तेवढं सुटतं. बाकीच्या अंगाला त्याचा पत्ताही लागत नाही.

निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात मध्ये यकृत असतं. रक्तात काहीही परकं दिसलं की यकृत ते गिळून टाकतं, आणि आमचे कण गाठीपर्यंत पोचायच्या आत त्याच्या पोटात जात होते. चौदा बॅच तशा गेल्या. पंधरावी गेली नाही. बारापैकी दहा उंदरांत कण गाठीत सापडले. सरांनी तो आलेख छापून स्वतःच्या कपाटावर आतून चिकटवला होता, देवाच्या तसबिरीसारखा.

त्यानंतर मी सोळा, सतरा, अठरा आणि एकोणीस केल्या. त्याच बाटल्यांतली रसायनं, तेच तापमान, तोच हात. चारही यकृतात.

"तू वहीत लिहिलंय तेच केलंस ना?" सरांनी विचारलं. त्यांनी हे आधी तीनदा विचारलं होतं.

"हो."

"मग पंधराला काय झालं होतं?"

"माहीत नाही."

"बारा दिवसांनी समिती बसतेय. त्यांना एकदा घडलेली गोष्ट नको असते. पुन्हा करून दाखवता आलं नाही तर प्रकल्प बंद, आणि ही खोली शेजारच्यांना. ते आत्ताच येऊन पडदे मोजून गेलेत." ते थोडं हसले. "खरंच मोजून गेले."

सर वाईट माणूस नव्हते. आम्ही दोघंच त्या खोलीत सहा वर्षं काम करत होतो. दुपारी समोरासमोर बसून डबा खायचो. ते बोलायचे, मी ऐकायचे. ही व्यवस्था दोघांनाही सोयीची होती.

मी खोलीभर सगळं तपासून काढलं. पाणी तपासलं, अमोनियाची बाटली तपासली, तापमापक बर्फात आणि उकळत्या पाण्यात घालून पाहिला. पंधराच्या उरलेल्या दोन मिलिलिटरमधले चार थेंब पाण्यात मिसळून नळीच्या अंगाला लोहचुंबक लावला आणि घड्याळ पाहत बसले. बाकीच्या बॅच चार मिनिटांत चुंबकाच्या बाजूला येऊन बसतात, पाणी नितळ होतं. पंधराला अकरा मिनिटं लागली. म्हणजे वेष्टण जाड होतं. जाड का, याचं उत्तर वहीत नव्हतं. वहीत सगळं नेहमीचं होतं: शुक्रवार, दुपारी चार वाजता वेष्टणासाठी ढवळायला लावलं. शनिवार, सकाळी आठ वाजता बंद केलं. एकूण सोळा तास.

*

उंदरांची खोली मागच्या इमारतीत होती. ती सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे उंदीरमामा म्हणत आणि तेही फोन उचलताना तसंच सांगत. उंदरांना रविवार नसतो, त्यामुळे मामांनाही नव्हता. त्यांनी मला घड्याळबाई हे नाव ठेवलं होतं. त्यांच्या मते माझी वही माझ्या आधी लॅबमध्ये पोचायची. त्यात अर्धं सत्य होतं. कणांनी काळे झालेले हातमोजे घातलेले असताना पेन धरलं की पान खराब होतं, म्हणून मी पुढच्या पायरीची नोंद आधीच लिहून ठेवायचे. आठ वाजता बंद करणार म्हणजे करणारच. सहा वर्षांत ती नोंद कधी चुकली नव्हती.

एकोणीस नंबरचे पिंजरे परत द्यायला गेले, तेव्हा मामा भुसा बदलत होते.

"काय घड्याळबाई, पुन्हा फसलं म्हणे?"

"हो."

"माझ्या पोरांना बोल लावू नका हं. जे घातलंत ते त्यांनी इमानेइतबारे यकृतात नेऊन ठेवलं." त्यांनी एका उंदराला शेपटीच्या बुडाशी धरून अलगद दुसऱ्या पिंजऱ्यात सोडलं. "खरं सांगू? पंधराला तुम्ही मेहनत जास्त घेतली होती. आता आळशी झालात."

"तेवढीच घेतली होती."

"काय सांगता! शनिवारी मी दाणे घालायला आलो, तुमची ती रवी फिरत होती. रविवारी आलो, तरी फिरतेच आहे. जाता जाता तुमच्या काचेतून पाहिलं आणि म्हटलं, बाईंनी घरदार सोडलं की काय. हाक मारणार होतो, पण म्हटलं कामात असतील, कशाला."

रवी म्हणजे आमचं ढवळायचं यंत्र. चुंबकाला चिकटणारे कण चुंबकाच्या कांडीने ढवळता येत नाहीत, म्हणून वरून काचेची दांडी सोडलेली असते, खाली पातं, वर मोटार.

"रविवारी?" मी विचारलं.

"दुपारी बाराला. का हो, बसा, बसा. चेहरा असा काय झाला?"

मी बसले नाही. पिंजऱ्यांची पावती तिथेच विसरून निघाले.

*

त्या शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला दादाचा फोन आला होता. मोटार चालू होती, मी शनिवारच्या आठची नोंद लिहून पेनाला टोपण लावत होते. दादा म्हणाला, "बाबा गेले गं." मागून कुणीतरी त्याला काहीतरी विचारत होतं, आणि तो त्यांना म्हणाला, "थांबा, बहिणीशी बोलतोय."

सात तासांची बस. मी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. दादा म्हणाला, "थांबवलं नाही, तुला कळतंच." मला कळत होतं. वहिनीने दोनदा जेवायला वाढलं. दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या आणि आत शिवणाच्या यंत्रावर एक अर्धी बाही तशीच होती. बाबांनी दोन महिन्यांपूर्वी टाकलेली. दादाने ती काढली नव्हती.

बाबा शिंपी होते. शेवटचं वर्षभर औषधाने त्यांच्या जिभेची चव नेली, केस नेले, बोटांची टोकं बधिर केली. सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा ते पहिल्यांदा रडले. गाठ तेवढीच राहिली. मी गेले की विचारायचे, "काय झालं तुमच्या गंजाचं?" मी समजावून सांगितलं होतं एकदा. ते ऐकून म्हणाले होते, "म्हणजे मी म्हणतो तेच की. शिवण उसवली खांद्याला, आणि हे डॉक्टर लोक अख्खा सदरा भट्टीत घालतात. लवकर कर बाई काहीतरी." आणि पुढे, "माझ्यासाठी नाही म्हणत. गिऱ्हाइकं पुष्कळ आहेत."

सोमवारी सकाळी मी बसस्टँडवरून सरळ लॅबमध्ये आले. मोटार फिरत होती. मी ती बंद केली. वही उघडीच होती. शनिवार, सकाळी आठ, बंद केलं. नोंद तिथे होती आणि मी तिच्याकडे पाहिलं. आता मला हे स्पष्ट आठवतं, की मी पाहिलं होतं. तेवढ्यात सर आले आणि बॅचकडे पाहत म्हणाले, "धुऊन झालं का?" मी म्हटलं, "आज होईल."

तेव्हा सांगितलं नाही. मंगळवारी सांगायचं ठरवलं. मंगळवारी सरांच्या मुलीच्या दातांना तार बसवायची होती, त्याबद्दल ते जेवताना बोलत राहिले. पुढच्या आठवड्यात सांगणं विचित्र वाटलं असतं. महिन्याने तर ते सांगणं राहिलंच नसतं, कबुली झाली असती. मी एका खोलीत राहते. तिथे विचारणारं कुणी नव्हतं, आणि न विचारलेली गोष्ट हळूहळू घडलेलीच नाही अशी होते. बॅच आणि बाबा, दोन्ही मी दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवले होते. एका कप्प्यातलं दुसऱ्यात जाऊ नये, याची काळजी घेणं हा माझा धंदाच आहे.

शुक्रवार दुपारी चार ते सोमवार सकाळी आठ. मी कागदावर मांडलं, गरज नसताना. चौसष्ट तास.

*

एक मार्ग मला लगेच दिसला. खरं सांगायचं तर तोच आधी दिसला. वीस नंबरची बॅच चौसष्ट तास ढवळायची आणि वहीत लिहायचं, की या खेपेला वेळ वाढवून पाहिली. कोणाला शंका आली नसती. सर म्हणाले असते, शाबास. प्रकल्प वाचला असता. पंधराचं कोडं तसंच राहिलं असतं. अशी कोडी प्रत्येक लॅबमध्ये चार-दोन असतात.

पण पंधराच्या नावापुढे "सोळा तास" राहिलं असतं. समितीच्या अहवालात तोच आकडा जाणार होता. उद्या दुसऱ्या कुठल्या खोलीत कुणीतरी सोळा तास ढवळून, फसून, पुन्हा ढवळणार होतं. आणि त्या शनिवारी सकाळी आठ वाजता मी लॅबमध्ये होते, असं माझ्या सहीने कायमचं लिहिलेलं राहणार होतं. त्या वेळी मी वहिनीसमोर बसून पोळीचे तुकडे करत होते.

आमच्या वहीत खोडरबर चालत नाही. चूक झाली तर तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं काय ते लिहायचं, आजची तारीख, सही. त्यापुढे कारणाचा रकाना. आणि शेवटी दुसऱ्या कुणाची तरी सही, वाचल्याची. त्या खोलीत दुसरं म्हणजे सरच.

दुसऱ्या दिवशी सर बैठकीला गेलेले असताना मी रेघ मारली. पट्टी लावून. वर लिहिलं: सोमवार, सकाळी आठ, एकूण चौसष्ट तास. कारणाच्या रकान्यापाशी थांबले. आधी एका चिठ्ठीवर "गैरहजर" असं लिहून पाहिलं. ते खरं होतं, पण का, हे पुन्हा विचारलं गेलंच असतं. मग "वैयक्तिक". तो शब्द डॉक्टरांच्या पत्रातला वाटला. मग वहीत लिहिलं: वडील वारले, गावी होते. आणि खाली: ही नोंद आधी लिहून ठेवली होती, नंतर दुरुस्त केली नाही.

या दोन ओळींना मला चाळीस मिनिटं लागली. चार महिन्यांत हे शब्द मी पहिल्यांदाच कुठेतरी उमटवत होते.

*

सरांनी आधी आकडा वाचला.

"चौसष्ट?" ते खुर्चीतून उठलेच. "अगं, म्हणजे वेष्टण..."

"जाड आणि घट्ट बसलं. म्हणून यकृताला ओळखू येत नाहीत. चुंबकाकडे यायला अकरा मिनिटं लागतात, तेही त्यामुळेच."

"मग हेच तर हवं होतं आपल्याला! बावळट आहेस का तू, एवढं..." त्यांचं बोट पुढच्या रकान्यावर गेलं. ते थांबले. मग बसले.

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. तिचं एक चाक कुरकुरत होतं.

"ही तारीख बरोबर आहे?"

"हो."

"फेब्रुवारी."

"हो."

"त्या सोमवारी मी तुला काय विचारलं?"

"धुऊन झालं का, असं."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसायचे. "त्या आठवड्यात मी तुझ्यासमोर बसून पोरीच्या दातांच्या तारेवर अर्धा तास बोललो."

"पस्तीस मिनिटं," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते सवयीने गेलं.

त्यांना हसू आलं असावं, पण ते तोंडापर्यंत पोचलं नाही. "मला सांगायचं नाहीस? मी काय उंदीर आहे? चार महिने मी इथे..." वाक्य सोडून त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "काय झालं होतं त्यांना?"

"यकृतात गाठ."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. बोलले तेव्हा आवाज कामाचा होता, आणि मला ते बरं वाटलं. "पंधरा अहवालातून काढावी लागेल. खोट्या नोंदीवरचा निकाल मी समितीपुढे ठेवू शकत नाही."

"माहीत आहे."

"म्हणजे हातात काहीच नाही आपल्या. फक्त एक अंदाज."

"हो."

"आणि यापुढे तुझं प्रत्येक पान मी रोज संध्याकाळी बघून सही करणार. नवशिक्यांचं करतात तसं. सहा वर्षांनंतर."

"चालेल."

"मला नाही चालत," ते म्हणाले, आणि पेन उघडून वाचल्याची सही केली. सहीखाली तारीख टाकताना त्यांनी ती दोनदा पाहून घेतली.

समितीने सगळं ऐकलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि सहा आठवडे दिले. एक बॅच, बारा उंदीर. कपाटावरचा आलेख सरांनी काढून घेतला. चिकटपट्टीचे चार चौकोन तिथे राहिले.

*

वीस नंबरची बॅच शुक्रवारी दुपारी चारला लावली. वहीत चारची नोंद केली. खालची ओळ रिकामी ठेवली. रिकामी ओळ पाहवत नव्हती. दोनदा हात पेनाकडे गेला.

शनिवारी मी दिवसभर तिथेच बसले. मोटारीचा आवाज एकसारखा, त्यात अधूनमधून पात्याचा एक बारीक टक्. दुपारी मी दादाला फोन केला. नेहमी तो करतो, रविवारी, आणि आम्ही दोन मिनिटांत आटोपतो.

"काय झालं?" तो घाबरून म्हणाला.

"काही नाही. सहज."

"सहज? तू?"

"बाबांचा तो लोहचुंबक आहे का रे? दोरीला बांधलेला? दुकान झाडताना टाचण्या गोळा करायचे तो."

"आहे की. रोज फिरवतो मी. नाहीतर तुझी वहिनी अनवाणी आली की माझा उद्धार. का गं, हवाय का?"

"नको. राहू दे. वापरात आहे ना."

"हो," तो म्हणाला. "परवा त्याला एक सोन्यासारखी दिसणारी टाचणी चिकटली. म्हटलं सोनं कसं चिकटेल. घासली तर पितळी मुलामा." तो हसला, मीही हसले, आणि तरीही फोन कुणी ठेवला नाही. यंत्राचा आवाज त्याला ऐकू गेला असावा. "कामावर आहेस?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. "जेव काहीतरी," तो म्हणाला.

रविवारी बाराच्या सुमारास मामांनी काचेवर टिचकी मारली. या खेपेला ते आत आले, प्लॅस्टिकचं स्टूल ओढून बसले. यंत्राकडे पाहत राहिले, जणू त्यालाच भेटायला आले होते.

"आज आहात म्हणजे खरोखरच्या."

"आहे."

"साहेबांनी सांगितलं मला. रागावू नका त्यांच्यावर." त्यांनी तळहाताने गुडघा चोळला. "त्या रविवारी मी हाक मारायला हवी होती. मारली असती तर कळलं असतं, आत कोणी नाही."

"मारली असती तर तुम्ही मोटार बंद केली असती. आणि पंधरा झालीच नसती."

"तेही खरंच म्हणा." त्यांना ते पटलं नव्हतं. "काय करायचे वडील?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं. समितीने गाठ कुठे होती ते विचारलं, सरांनी तारीख आणि आजार.

"शिंपी होते."

"असं! आणि तुम्ही? दुकानात बसायचा का?"

"काजं करायचे. बटणांची. सहावीत असल्यापासून."

"म्हणजे तेव्हापासून भोकांना वेष्टणंच घालताय," मामा म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर इतके खूश झाले, की डोळे पुसायला त्यांना रुमाल काढावा लागला. मी त्यांना बाबांच्या सुतळीच्या चुंबकाबद्दल सांगितलं. संध्याकाळी दुकान बंद करताना बाबा तो जमिनीवरून ओढत न्यायचे, आणि आम्ही भावंडं मागून टाचण्या मोजत जायचो, त्याबद्दल. बोलताना माझा आवाज मला ओळखीचा वाटत नव्हता. एकवीस मिनिटं मी बोलले. मग मामांची पोरं भुकेली होती, ते गेले. स्टूल तिथेच राहिलं.

सोमवारी आठ वाजता मी मोटार बंद केली आणि मग वहीत लिहिलं: आठ, बंद. सर आले. त्यांनी धुऊन झालं का, असं विचारलं नाही. "झोपलीस का?" असं विचारलं. मी म्हटलं, थोडी.

धुऊन झाल्यावर चार थेंब पाण्यात घेतले, नळीला लोहचुंबक लावला. सरांनी मोबाइलवर वेळ लावली. एक मिनिट. दोन. तीन. चार मिनिटं झाली तरी नळी वरपासून खालपर्यंत सारखी काळी होती. सातव्या मिनिटाला काचेच्या चुंबकाकडच्या बाजूला एक सावली धरली. नवव्याला दुसऱ्या बाजूने खिडकीचा गज अंधूक दिसायला लागला.

"अकरा," सर म्हणाले. "अकरा मिनिटं, दहा सेकंद."

पाणी नितळ होतं. यकृत काय म्हणतं ते कळायला अजून तीन आठवडे होते. मी हातमोजे काढले, हात पुसले, पेनाचं टोपण काढलं आणि जे झालं होतं तेवढं लिहिलं. सरांनी वाकून वाचलं, सही केली, आणि वही माझ्याकडे सरकवली.

"बाबा काय म्हणायचे तुझ्या या गंजाला?" त्यांनी विचारलं.

जेवायला अजून तीन तास होते. तरी मी खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसले.